चढणाऱ्या गाडीला आधी वाट

महोदय,

मे महिन्यातल्या घाटांतल्या कोंडीला आपण रस्त्याला आणि गर्दीला बोल लावतो. परवा कुंभार्ली घाटात आम्ही अडकलो ते मात्र निव्वळ हुज्जतीपायी. उतरणाऱ्या दोन मोटारी वळणावर पुढच्याला ओलांडायला गेल्या आणि चढणाऱ्या मालट्रकच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. मागे कोण सरकणार, यावर भांडण जुंपलं.

सत्तरच्या दशकात याच घाटाने आम्ही कराडहून गुहागरला आजोळी जायचो. अण्णांची जुनी अँबेसेडर, पुढच्या बंपरला टांगलेली पाण्याची छागल, मागच्या सीटवर आम्ही चार भावंडं आणि आजीच्या बटव्यात आवळासुपारी, कारण मला हमखास गाडी लागायची. हेळवाक सोडलं की अण्णा गप्प होत. ‘ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं’ हा त्यांचा मंत्र. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या लायनरचा जळका वास आला की ते नुसते मान हलवत. खाली पोफळीला आलं की कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून इथे कसं आणलं आणि वीज करून झाल्यावर ते वाशिष्ठीला कसं मिळतं, हे दर वर्षी ऐकावं लागे. तोवर अंग घामाने चिकट झालेलं असे आणि आमचं लक्ष पानाच्या द्रोणातल्या करवंदांकडे!

खरी परीक्षा परतीला. डिकीत आंब्याच्या पेट्या, पायाशी फणस, आणि ऐन चढावर इंजिन तापायचं. दादा उडी मारून मागच्या चाकाला दगड लावी. अण्णा बॉनेट उघडून बराच वेळ नुसते उभे राहत. मग ओलं फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण अर्धंच फिरवायचं, वाफ गेली की उरलेलं. भरल्या गाडीला चढावर एकदा थांबलं की पुन्हा उचलणं किती जड, हे तेव्हा समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. एसटीचा चालक वरच गाडी कडेला घेऊन थांबे आणि हाताने ‘या’ म्हणे. अण्णाही जाताना हात वर करत.

हा नुसता जुना शिष्टाचार नाही. अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे 2017 च्या वाहनचालन नियमावलीतही आहे. लायसन्स काढताना किती जणांना हे कोणी सांगतं? माझ्या भाच्याला, तो रोज पुण्यात गाडी चालवतो, हे ऐकूनही माहीत नव्हतं.

आणखी एक. चाकाला लावलेले दगड आता तिथेच टाकून लोक निघून जातात. रात्री दुचाकीवाल्याने ते कसे चुकवायचे? दगड कडेला टाकल्याशिवाय अण्णा दादाला गाडीत घेत नसत.

घाटाच्या वरच्या तोंडाशी ‘चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्या’ आणि ‘लहान गिअरमध्ये उतरा’ असे ठळक मराठी फलक लावायला फारसा खर्च येणार नाही. निसर्गसौंदर्याचं स्वागत करणाऱ्या कमानी आहेत तेवढ्या पुरेत. पावसाळ्याआधी, निदान कुंभार्लीत तरी, हे व्हावं.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड