साठ शब्द वाचले, पण कावळ्याचं घर का वाहून गेलं?

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नाशिक

सप्रेम नमस्कार.

मी बागलाण तालुक्यात बरीच वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस जवळच्या एका शाळेत मुलांचं वाचन घ्यायला जाते. तिथं जे दिसलं ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

तिसरीतला एक मुलगा. वाचन खणखणीत. चिऊ-काऊची गोष्ट त्याने न अडखळता वाचली, जोडाक्षरांसकट. मी विचारलं, "कावळ्याचं घर का रे वाहून गेलं?" त्याने पुस्तकात बोट ठेवून ओळ शोधली आणि ती पुन्हा वाचून दाखवली. "बरोबर आहे, पण का वाहून गेलं?" तीच ओळ त्याने आणखी मोठ्याने वाचली. बाईंना नीट ऐकू आलं नसावं, असं त्याला वाटलं.

त्याच आवारात अंगणवाडी आहे. सेविकाताईंनी तिथं हीच गोष्ट आदल्या दिवशी सांगितली होती. पाच वर्षांच्या एका मुलीला मी तोच प्रश्न विचारला. तिला 'अ' अजून धड गिरवता येत नाही. ती म्हणाली, "घर शेननं व्हतं, पानीमा वाही गयं." आणि मग आपणहून सांगायला लागली, की आजीने अंगणात घातलेला सडापण पाऊस आला की असाच जातो.

तो मुलगा ढ नाही, हे आधी सांगते. वाचणं म्हणजे अक्षरांचा आवाज काढणं, एवढंच त्याला आजवर शिकवलं गेलं. शिकवणाऱ्यांत मीही होते. पहिलीच्या वर्गात जानेवारीपर्यंत बाराखडी उरकली की हायसं वाटायचं. गोष्ट सांगण्याचा तास पहिल्यांदा कापला जायचा.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं, की समजून वाचणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरं ओळखून शब्द उलगडणं आणि ऐकलेली भाषा कळणं. बेरीज असती तर एकीची उणीव दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य. पहिली-दुसरीत सगळा भार अक्षरओळखीवर असतो, म्हणून दुसरी बाजू लंगडी असली तरी कळून येत नाही. तिसरी-चौथीत धडे लांबतात, परिसर अभ्यास येतो, शाब्दिक गणितं येतात, आणि मग आपण म्हणतो, पोराचं अचानक काय बिघडलं? अचानक काही होत नाही. शाळेत येण्याआधी मूल किती गोष्टी ऐकतं, किती बोलतं, 'का' आणि 'मग काय झालं' याला किती उत्तरं देतं, त्यावर पुढचं समजणं बरंचसं उभं असतं. त्यात आपली लिपी अशी, की एकदा काना-मात्रा बसल्या की न कळलेला मजकूरही मूल घडाघडा वाचतं. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जातात.

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीला मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. मी पाहिलेल्या तपासण्यांत घड्याळ लावून शब्द मोजले गेले. 'समजून' हा शब्द कागदावरच राहिला, कारण तो मोजायला मुलाशी बोलत बसावं लागतं.

हे पत्र मंत्रालयात न पाठवता आपल्याला लिहिते आहे, त्याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला. पण मंत्रालयात अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, पहिली शालेय शिक्षणाची. तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी वेगळे, गटशिक्षणाधिकारी वेगळे. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आणि शाळांचे केंद्रप्रमुख एकाच आवारात येऊन एकमेकांना न भेटता जातात. जिल्ह्यात मात्र या दोन्ही वाटा आपल्या टेबलाशी येऊन मिळतात.

म्हणून मागणं लहान आहे. प्रत्येक अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत रोज वीस मिनिटं गोष्ट, आणि तिच्यावर मुलांशी गप्पा. ही वीस मिनिटं कुठल्याही माहितीसाठी, सर्वेक्षणासाठी कापायची नाहीत. सेविकाताईंचा अर्धा दिवस वजन-उंचीत आणि पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरण्यात जातो, हे मी डोळ्यांनी पाहते. त्यांच्यावर आणखी एक तक्ता लादू नका, उलट एखादा कमी करा. तपासणीत शब्द मोजाच, पण त्याआधी मुलाला एक छोटी गोष्ट वाचून दाखवा आणि विचारा: काय झालं, का झालं, पुढे काय होईल? उत्तर अहिराणीत आलं, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींच्या कोकणीत आलं, तरी ते बरोबरच धरा. पोराला घरच्या भाषेत कळलेलं पुस्तकी मराठीत नेता येतं. आधी काही कळलेलंच नसेल तर नेणार काय?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला (आता पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथं गाणी होती, गोष्टी होत्या, भरपूर बोलणं होतं. आज आपल्याकडे इमारत आहे, मानधनावरची सेविका आहे, आहार आहे. बोलायला वेळ तेवढा नाही.

शाळा जूनमध्ये उघडतील. त्याआधी एक दिवस प्रत्येक गावच्या सेविकाताई आणि पहिलीचे शिक्षक समोरासमोर बसावेत आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल बोलावेत: कोण बोलतं, कोण गप्प असतं, कुणाला कुठली गोष्ट आवडते. एवढा एक आदेश आपल्या सहीने निघू शकतो. आमच्या गावात त्या दिवशी मी सतरंजी टाकून ठेवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. बागलाण, जि. नाशिक