वडिलांच्या बँडची गाणी

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुमे,

परवा तुझा फोन झाला आणि तेव्हापासून तुझं एक वाक्य मनातून जात नाहीये. दिवाळी पहाटेला गायला बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालीस. "जुनी गाणी जशीच्या तशी म्हणणारे काय थोडे आहेत? त्यात आणखी मी, तेही पन्नाशी उलटल्यावर!" एवढं म्हणून तू लेकीच्या परीक्षेवर आलीस. मला तेव्हा काही सुचलं नाही. आज सुचतंय, म्हणून लिहायला बसले आहे.

मागच्या महिन्यात मी कॅथरीन रसेल या अमेरिकन जॅझ गायिकेचं गाणं ऐकून आले. मॅनहॅटनमधला छोटा क्लब, टेबलाला टेबल लागलेलं, गाणारी बाई आपल्यापासून चार हातांवर. १९५६चा तिचा जन्म, म्हणजे आपल्यापेक्षा बरीच मोठी. गाते ती १९२० ते ४०च्या दशकांतली गाणी, हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीच्या, नाचघरांतली, स्विंगच्या, म्हणजे नाचायच्या जॅझच्या जमान्यातली. मला वाटलं होतं, डोक्यात फूल, जुन्या तऱ्हेचा झगा आणि आवाज मुद्दाम ग्रामोफोनसारखा काढलेला, असं काहीतरी असेल. तसलं काही नाही गं. ती आली, माइकसमोर उभी राहिली आणि पहिली ओळ अशी म्हणाली, जणू ती गोष्ट त्याच दिवशी दुपारी तिच्या बाबतीत घडली होती. एकेक शब्द स्वच्छ. तुझे बाबा म्हणायचे ना, "शब्द चघळू नकोस, हातात दे"? तसे ती शब्द हातात देते.

आता लयीचं सांगते, कारण तिथेच तुला खरी गंमत कळेल. स्विंगचा ठेका चार मात्रांचा. पण मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, जणू मात्रेच्या पोटात तीन मोजायचे आणि मधला गिळायचा. या गिळण्यातून तो झोका येतो. शिवाय वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मी आपली समेला मान देणारी, पहिली-तिसरीवर टाळ्या देत बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी हसून टेबलावर बोटाने दाखवलं, इथे नाही, इथे. दोन गाणी गेली तेव्हा हात वळला. खाली डबल बास, ते उभं मोठं तंतुवाद्य, मात्रेमात्रेला पाऊल टाकत चालतो, गिटार चारही मात्रांवर एकेक हलका झटका देते, आणि गाणारी त्या चालत्या लयीच्या जरा मागे रेलून येते. ओळ उशिरा उचलते आणि तरी ठरल्या जागी पोहोचते. तू 'ठुमकत येणं' म्हणायचीस ते हेच.

त्या गिटारच्या झटक्यावरून आठवलं. काउंट बेसी या पियानोवाल्याच्या जॅझ बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवाला १९३७ साली आला आणि १९८७ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ अखंड हेच करत राहिला. एकट्याने वाजवायला तो सहसा पुढे आलाच नाही. पण तो नसता तर सगळा बँड तंबोऱ्याशिवाय गवई बसावा तसा झाला असता. हे वाचलं तेव्हा मला तुझी कोरसमधली वर्षं आठवली. तुला मागच्या रांगेत कोपऱ्यात उभं करायचे आणि पुढच्या गायिकेचा सूर हलला की तुझ्याकडे बघायचे. मी प्रेक्षकांत बसून ते बघितलंय, सुमे. तेव्हा राग यायचा, अजूनही येतो.

कॅथरीनचंही तसंच. तिने अनेक वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून गायलं. स्टीली डॅन या रॉक बँडबरोबर गायली. रॉक गायक डेव्हिड बोवीच्या २००३-०४च्या जगभरच्या दौऱ्यात ती गात तर होतीच, शिवाय कीबोर्ड, गिटार, जे लागेल ते वाजवत होती. तिचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 'कॅट' आला २००६ मध्ये. वजाबाकी कर. पन्नाशीच्या उंबरठ्यावर! त्यानंतर एकामागून एक आले, ग्रॅमीसाठी नामांकनं झाली. पियानोवादक शॉन मेसनबरोबरचा 'माय आयडियल' तर अगदी अलीकडचा, २०२४चा. नुसता पियानो आणि तिचा आवाज. तो मी रात्री भांडी घासताना लावते आणि भांडी संपली तरी नळापाशीच उभी राहते.

पण तुला लिहायचं खरं कारण तिचे वडील. लुई रसेल. जन्म १९०२चा, पनामातला. तरुणपणी तिथे मूकपटांना पियानोची साथ करायचा. १९१९ मध्ये त्याला तीन हजार डॉलरची लॉटरी लागली आणि त्या पैशांवर आई-बहिणीला घेऊन तो न्यू ऑर्लिन्सला आला. तिथून शिकागो, मग न्यूयॉर्क, हार्लेम, स्वतःचा बँड. १९३५ पासून काही वर्षं लुई आर्मस्ट्राँग या प्रसिद्ध ट्रंपेटवादक-गायकाच्या मागे वाजणारा बँड हाच, रसेलचा. नाव आर्मस्ट्राँगचं आणि मागची सगळी घडण याची. तो १९६३ मध्ये गेला तेव्हा कॅथरीन सात वर्षांची होती. म्हणजे तिला वडील मिळाले ते बरेचसे रेकॉर्डमधून.

आणि आई! कार्लीन रे. ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयात शिकलेली, गिटार आणि बास वाजवणारी, गाणारी. १९४६ मध्ये ती इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम या बँडमध्ये होती. सगळ्या बायका, काळ्या, गोऱ्या, सगळ्या वर्णांच्या, एका बसमधून देशभर फिरायच्या. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहणं कायद्याला चालत नव्हतं, म्हणून गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग लावून पोलिसांची नजर चुकवायच्या. त्या बसमध्ये बसलेली बाई हिची आई. तिचं गाणं लेकीने शेवटी स्वतः निर्माती होऊन रेकॉर्ड केलं, तो अल्बम २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी आई गेली.

मग मला सांग, ही बाई वडिलांच्या बँडची गाणी म्हणते तेव्हा त्याला नक्कल म्हणायचं का? आपल्याकडे बापाची बंदिश लेकीने गायली तर त्याला तालीम म्हणतात. ती शोधूनही अशी गाणी काढते, जी लोक विसरून गेलेत. सगळे म्हणतात ती पाच-पन्नास गाणी बहुतेक बाजूला ठेवते. वडिलांनी रचलेलं 'लुसील' तिने २०१४च्या अल्बममध्ये घेतलं. ते ऐकताना मला सारखी तुझ्या घरातली माळ्यावरची ट्रंक दिसत होती.

इथून दोन-तीन स्टेशनांवर कोरोना भागात आर्मस्ट्राँगचं घर आहे, १९४३ पासून तो तिथे राहायचा. आता संग्रहालय आहे. परवा मुद्दाम जाऊन आले. साधं विटांचं घर, साध्या माणसांची गल्ली. तिथे उभी असताना मला चक्क तुझ्या बाबांचा रेडिओ आठवला, 'अलबेला'ची गाणी लागली की पेटी बाजूला सारून ते ऐकायचे. १९५१च्या त्या सिनेमात आपल्या चितळकर अण्णांनी, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांनी, पुणतांब्याच्या माणसाने, गोव्याच्या चिक चॉकलेट या ट्रंपेटवाल्याचा बँड घेतला होता, सिनेमात तो पडद्यावरही दिसतो. चिक चॉकलेटला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मुंबईत ताज हॉटेलात लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड १९३५ सालीच आला होता, आणि आपल्या गोव्याच्या वादकांनी ही लय उचलली. म्हणजे बघ, तुझे बाबा कर्जतच्या त्या खोलीत ज्या झोक्यावर मान हलवायचे, तो लांबून का होईना, हार्लेमहून आलेला होता. त्यांना हे सांगायला हवं होतं मला.

तेव्हा आता एवढंच कर. दिवाळी पहाटवाल्यांनी दुसरी कोणी ठरवली नसेल तर त्यांना परत फोन कर आणि सांग, येते, पण गाणी मी निवडीन. मग माळ्यावरची ट्रंक काढ. त्यात बाबांची निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, पदं आणि त्यांच्या चाली लिहिलेली. तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी त्यातलं एक पद पेटीवर वाजवलं होतं आणि तू स्वयंपाकघरातून उत्तर दिल्यासारखी गायली होतीस. मुखडा मला येतो. अंतऱ्याची दुसरी ओळ काही केल्या आठवत नाही, गेले आठ दिवस अडले आहे. ती फोनवर रेकॉर्ड करून पाठव. पट्टी उतरवलीस तरी चालेल, मागे कुकरची शिट्टी आली तरी चालेल.

तुझी,
नंदा