भिंतीला आलेलं पोट

सोलापूर
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय मल्लू,

तुझा मेसेज चार ओळींचा, आणि त्याला उत्तर म्हणून मी चार पानं लिहायला बसलोय. फोनवर बोलायचं म्हटलं तर मी दिवसभर बोअरच्या गाडीपाशी. कॉम्प्रेसर सुरू असला की माझंच मला ऐकू येत नाही. आज रविवार, ऊन मी म्हणतंय, गाडी शेडला लावली आहे. शेंगाचटणी-भाकरी खाऊन निवांत बसलोय.

तू विचारलंस, "सांगोल्याला भूकंप झाला म्हणे, घाबरण्यासारखं आहे का? आणि धाकटा भाऊ म्हणतो जुन्या घरावर मजला चढवू, तुझं काय मत?" तू हे दोन प्रश्न म्हणून विचारलंस. मला तो एकच वाटला.

आधी सांगोल्याचं. ३ एप्रिलला सकाळी ११ वाजून २२ मिनिटांनी २.६ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला, जमिनीखाली ५ किलोमीटरवर. मी तेव्हा मोहोळकडे एका मळ्यात होतो. हॅमर धडधडत होता, पायाखालची जमीन तशीही थरथरत होती, मला काय डोंबल कळणार! संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं सांगितलं. या आकड्यांचा हिशोब मात्र फसवा असतो बघ. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा बत्तीसएक पटीनं वाढते. किल्लारीचा होता ६.२. म्हणजे सांगोल्याचा धक्का किल्लारीच्या अडीच लाखावा हिस्सा. तेव्हा त्यासाठी झोप घालवू नकोस.

आता दुसरं. त्याआधी तुला ती रात्र आठवतेय का विचारतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळून पाय भरून आले होते आणि आपण दोघं तुमच्याच माळवदावर सतरंजी टाकून पडलो होतो. ३० सप्टेंबर १९९३. आपण एकवीस वर्षांचे. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आधी नुसता घुंऽऽ असा आवाज, खाली अव्वांच्या मांडणीवरची भांडी किणकिणली. तू म्हणालास, "ट्रक गेला बे." मग थोडा दम घेऊन सगळं माळवद झोपाळ्यासारखं हललं. अप्पा खालून ओरडत होते आणि आपल्याला जिना सापडत नव्हता.

तो मधला दम कसला, ते मला फार वर्षांनी कळलं. जमीन सरकते तिथून दोन प्रकारच्या लहरी एकदमच निघतात. पहिली खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर पळते, दुसरी साडेतीनच्या आसपास; आणि दुसरीच जास्त हादरवणारी. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. पहिली लहर चौदा-पंधरा सेकंदांत आपल्या सतरंजीखाली आली आणि दुसरी तिच्यामागून दहाएक सेकंदांनी. तू "ट्रक गेला" म्हणालास तेव्हा ती दुसरी लहर अजून वाटेत, नळदुर्गच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी होती. आणि तिकडे किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी इथं तोवर घरं पडून गेली होती. आपण जिना शोधत होतो तेव्हा. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्याच महिन्यात मी हेल्पर म्हणून पहिल्यांदा गाडीवर चढलो, आठवतं? पत्र्याच्या शेडमधल्या लोकांना पाणी पाहिजे होतं म्हणून आमची गाडी उमरग्यावरून तिकडे गेली. तिथलं बाकीचं मी तुला कधी सांगितलं नाही आणि आजही सांगत नाही. एकच सांगतो. किल्लारीजवळच्या एका शेतात जमीन कशी फाटली आहे ते बघायला लोक जात होते, मीही गेलो. माझ्या डोक्यात सिनेमातली दरी, माणसं गिळणारी. बघतो तर काय, गुडघ्याएवढा उंचवटा! रान एका बाजूनं उचलून दुसऱ्या बाजूवर रेटल्यासारखं. बांध मोडलेला, ढेकळं उलटी झालेली. आमचा ड्रिलर म्हणाला, "एवढ्याशानं एवढं?" मीही तेच म्हणालो असेन.

आता तीस वर्षं खडकात भोकं पाडून थोडं कळतं. वरची काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा, परत पाषाण. लाव्हारसाचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्याला वाटायचं दख्खन म्हणजे या थरांचा ठोकळा, अभंग. पण हे वरचं पांघरूण आहे रे. किल्लारीला भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं खोल बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर पाषाण संपला. म्हणजे अकराशे फूट. त्याखाली आठएक मीटर गाळाचे खडक आणि त्याखाली कित्येक पटींनी जुना मूळ खडक. विभंग, म्हणजे खडक जिथं तुटून सरकतो ते तडे, आहेत ते त्या मूळ खडकात. म्हणजे तडा गेलेली फरशी, आणि आपण वरून सतरंजी अंथरून बसलेलो. वरून बघून तुला तडा कुठं आहे ते सांगता येणार नाही. आपल्या कुर्डुवाडीचंही असंच. १९७३ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून काही शास्त्रज्ञांनी मांडलं की कोयनेखाली आणि कुर्डुवाडीच्या पट्ट्याखाली जुन्या खचदऱ्या दडलेल्या असाव्यात. लहानपणी बार्शी लाइटच्या गाडीत बसून आपण त्यांच्यावरून गेलो असू.

पण तडा असला म्हणजे भूकंप होतोच असं नाही. तडे सगळीकडे आहेत, माझं पोट त्यांच्यावरच चालतं. भूकंपाला लागतो रेटा. भारताचा सगळा तुकडा वर्षाला पाचएक सेंटीमीटर उत्तरेला सरकतो आणि हिमालयात जाऊन अडतो. तो दाब मागं आपल्यापर्यंत येतो. तुझ्या लग्नाआधी आपण ते गोदरेजचं कपाट शहाबादी फरशीवरून सरकवत होतो ना? दोघं रेटतोय रेटतोय, हलत नाही, आणि मग एकदम धाडकन फूटभर पुढं गेलं अन् तुझा अंगठा चेचला. विभंगाचं तेच. दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून असतात, खडक आतल्या आत वाकत राहतो, आणि पकड सुटली की साठलेलं सगळं काही सेकंदांत मोकळं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर शेतांची सरळ कुंपणं मध्येच तुटून कित्येक फूट बाजूला गेलेली दिसली, त्यावरून रीड नावाच्या शास्त्रज्ञानं हे मांडलं. तिथला विभंग वरून दिसतो, दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या जातात. किल्लारीला एक बाजू दुसरीवर चढली. आणि भुजला, २००१ च्या प्रजासत्ताक दिनी, एवढा मोठा ७.७ चा भूकंप होऊनही मूळ विभंग जमिनीवर फुटून आला नाही. खालीच राहिला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बोअरवाला पाषाणात पाणी शोधत नाही, पाषाण कोरडा ठाक असतो. तो भेग शोधतो. पाणाड्या नारळ हातावर धरून फिरतो, उंबराची काठी वाकवतो, काय करायचं ते करो. शेवटी भेग लागली तरच दीड-दोन इंच पाणी, नाहीतर पांढरा भुगा उडत राहतो आणि शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. मी आयुष्यभर देवाकडे भेगच मागत आलोय मल्लू. आणि कोयनेचं वाचलं तेव्हा कळलं की भेगेत पाणी शिरणं ही दुसरीही गोष्ट असू शकते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरायला लागला, बारीक धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ चा बसला. सुमारे १८० माणसं गेली. धरणाचं पाणी विभंगात खोल झिरपलं की दोन बाजूंची पकड ढिली होते. कपाटाखाली पाणी ओतल्यासारखं. रेटा आधीचाच, पाणी फक्त निमित्त. तिथं आजही पाणी चढण्या-उतरण्याबरोबर धक्क्यांचं प्रमाण बदलतं. म्हणून तर भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या कराडच्या केंद्रानं कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं. तीन किलोमीटर! पाषाणच तिथं १,२४७ मीटर निघाला. माझं आजवरचं सगळ्यात खोल बोअर साडेआठशे फूट, तेही कोरडं. हे वाचून मला भूकंपाची भीती नाही वाटली, त्या ड्रिलरचा हेवा वाटला.

किल्लारीचंही माकणीच्या धरणामुळं झालं का, यावर जाणत्यांत एकमत नाही. आम्हाला मात्र गावोगाव विचारतात, "तुमच्या बोअरनं भूकंप होतात का हो?" मी सांगतो, दादा, तो किलोमीटरांत होतो, आम्ही फुटांत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या भागात वर्षभर आधीपासून धक्के बसत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये तर चारच्या वरचा बसला. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले. मग दिवस गेले, काही झालं नाही, पुन्हा घरात आले. कोण दोष देणार? नकाशातही तो भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा २००२ मध्ये बदलला. त्यात आपलं सोलापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आलं.

आता तुमच्या घराकडे येतो. परवा धाकट्याबरोबर जाऊन आलो. त्याचा ठेकेदारही होता. भिंतीवर थाप मारून म्हणाला, "दोन फुटी भिंत आहे साहेब, हत्ती धडकला तरी हलणार नाही. हिच्यावरच स्लॅब टाकू." मी काही बोललो नाही, खिशातून ओळंबा काढला. रस्त्याकडच्या भिंतीला सव्वादोन इंच पोट आलंय. त्या रात्री आलं होतं ते एवढं नव्हतं. अप्पांनी तेव्हा वरून गिलावा मारून घेतला आणि आपण सगळे विसरलो.

पोट का येतं सांगतो. ती भिंत एक नाहीच, दोन आहेत. बाहेरचे घडीव दगड, आतले घडीव दगड आणि मध्ये भरलाय दगडगोट्यांचा आणि मातीचा राडा. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड मी शोधला, पूर्ण भिंतीत एकही सापडला नाही. हादरा बसला की मधला राडा खाली बसतो, पाचर मारल्यासारखा दोन्ही अंगांना बाहेर ढकलतो. आणि डोक्यावर माळवद. अप्पा दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे, आपणच पाट्या वाहिल्यात. माजघरावर आता दीड फूट थर आहे. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सात-आठ टन. किल्लारीकडे आठ-दहा हजार माणसं गेली ती बहुतेक याच दगडांखाली आणि याच मातीखाली गेली, झोपेत. घरं अगदी तुमच्यासारखी. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. मला स्वतःला फार आवडतात. ५२ गावं नव्या जागी वसवली, घरं पक्की दिली, पण तिथली म्हातारी माणसं "उकडतंय" म्हणून कुरकुर करायची. त्यांचं चुकत नव्हतं.

तेव्हा माझं मत. या भिंतींवर मजला नाही. धाकट्याला राग येऊ दे. मजला हवाच असेल तर भिंत उतरवा, दगड धुऊन ठेवा, चार कोपऱ्यांपासून कॉलम-बीमचा सांगाडा उभा करा आणि ते दगड बाहेरून शोभेला लावा. कॉलमच्या रिंगांचे हूक आत वळवलेत की नाही ते तू स्वतः उभं राहून बघायचं. ठेकेदार सरळ सोडतात, काँक्रीट पडलं की कुणाला दिसतं? आणि मजला नको, घर तसंच ठेवायचं असेल, तर आधी माळवदावरची माती उतरवा आणि वर हलकं काही टाका. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरता येतं, म्हणजे दोन्ही अंगं बांधली जातात. छपराखालून चारी भिंतींना एक पट्टा. पोट आलेला तुकडा मात्र उतरवून पुन्हा रचावा लागेल. किल्लारीच्या भूकंपात न पडलेली कितीतरी घरं नंतर अशीच बांधून घेतली होती. सागवानी खांब आणि तुळया तुमच्या अजून खणखणीत आहेत, मी नख लावून बघितलं, त्यांना हात लावू देऊ नकोस.

खर्च दुसऱ्या वाटेनं कमी येईल. पण निर्णय तुम्हा भावांचा, मी मध्ये बोलणार नाही. (बोललो तर आहेच.)

अव्वांना हे सगळं वाचून दाखवू नकोस. त्या अजून माजघरातच झोपतात, आणि गेल्या आठवड्यात मला म्हणाल्या, "सिद्धू, आता कशाला रे उस्तवार? माझं संपेपर्यंत टिकेल." पावसाळ्यापर्यंत त्यांना सोप्यात झोपायला लाव, गुडघ्यांचं निमित्त सांग. तिथं वर नुसता पत्रा आहे.

एक गवंडी मिळालाय, दगडातला जुना माणूस, पुढच्या रविवारी यायला तयार आहे. माळवदावरच्या खोलीची किल्ली तुझ्याकडंच राहिली आहे, ती कुरिअरनं पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सिद्धाराम