मेस्त्रींना, ब्रेकच्या पिनांबद्दल

प्रिय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, आणि फोन दिवसभर वाजत राहील तो वेगळाच. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. पंधरा-वीस वर्षांच्या मारुती, सँट्रो, इंडिका अजून चालवणारे आम्ही किनाऱ्यावरचे काहीजण ब्रेकचं काम घरच्या अंगणात करतो, ते तुमच्या शिकवणीवर. गिऱ्हाईक तुटेल म्हणून हातचं राखण्याचा धंद्याचा रिवाज तुम्ही पाळला नाहीत.

तुमचा पहिला धडा असा, की कोकणात ब्रेक झिजायच्या आधी अडकतो. या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन बाजूंनी पॅड दाबणाऱ्या पकडीला, पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. आतला पॅड तो थेट दाबतो. बाहेरचा पॅड डिस्कवर यायचा तर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकावा लागतो. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने या पिना गंजून बसल्या की आतला पॅड पत्र्याला लागेपर्यंत संपतो आणि बाहेरचा जवळपास कोरा राहतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला दिसतो तो बाहेरचाच. ‘भरपूर आहे की’ म्हणून तो निश्चिंत होतो.

त्यामुळे पॅड बदलणं अर्ध्या तासाचं आणि पिना सोडवणं अर्ध्या दिवसाचं, हा तुमचा हिशेब आम्हाला पटला आहे. पिन ओढून काढायची, जुनं काळं ग्रीस पुसायचं, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवायचा. खड्डे पडले असतील तर पिन नवीच. रबरी टोपी फाटली असेल तर तीही नवी, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकोनचंच, आणि पातळ थर. बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन पुन्हा धरते. ग्रीस ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. शेवटी पिन बोटांनी सरकली पाहिजे, हातोडीने नव्हे. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंजही कानशीने काढायचा. पॅड खाचेत ठोकून बसवावा लागला, तर तो मागे सुटणार नाही हे नक्की.

नवा पॅड साधारण 10 मिमीचा असतो; त्यावरचा घासणारा थर, म्हणजे मसाला, 3 मिमीवर आला की बदलायचा, आणि दोन्ही चाकांचे एकदम. एकाच बाजूचे बदलले की ब्रेक मारताना गाडी बाजूला ओढते. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजून पाहावी. रात्रभर पाऊस पडल्यावर डिस्कवर दिसणारा तांबूस गंज मात्र दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. त्याला घाबरून डिस्क बदलणारेही पाहिले आहेत.

गाडी उचलण्याबद्दल तुम्ही जे दरडावून सांगितलंत ते इथे मुद्दाम लिहितो. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात. चिरा चाकाला अडवायला चालेल, गाडी टेकवायला कधीही नाही. जांभा सच्छिद्र, एका टोकावर भार आला की न सांगता फुटतो. लोखंडी घोडीच हवी, शिवाय काढलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवून ठेवायचं. मातीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे.

कॅलिपर ब्रेक पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे ढकलायचा, मध्ये जुना पॅड धरून. तेव्हा वर टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं; आधी थोडं काढून घेतलं नाही तर ते सांडून रंग उतरवतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओतायचं. दुसऱ्या बाजूला हात घालण्याआधी पहिली बाजू पुरी करायची, म्हणजे काय कुठे होतं ते बघायला नमुना उरतो. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकच्या स्प्रिंगांसाठी तर हा नियम सोन्यासारखा.

ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडायचा, अॅडजस्टर सैल करायचा, आणि ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. तिथे मधला मोठा नट काढल्याशिवाय कितीही ठोका, व्यर्थ. आतली धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांत, अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसायची. लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी कड उचलून पाहायची. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, आणि तेल प्यायलेले लायनरही.

ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढताना आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे पेडलखालचा लाकडी ठोकळा. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाशी, जिथे रोजच्या वापरात सील पोचत नाही, गंज साठलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्यावर घासून फाटतं, आणि काल धड असलेला ब्रेक आज गाळात. ठोकळ्याने पेडल मध्येच थांबतं. हवा सोडायच्या स्क्रूवर, म्हणजे निप्पलवर, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारायचं आणि रिंग पानाच लावायचा. उघड्या पान्याने कोपरे गोल झाले की निप्पल मोडण्याची वेळ येते. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सुरुवात सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळायचा. पेडल दाब, धर, निप्पल उघड, बंद कर, पेडल सोड, आणि टाकी रिकामी होऊ द्यायची नाही.

ऑइलमध्ये पाणी मुरतं हे पुस्तकात असतंच; कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना त्याचा अर्थ कळतो. डॉट 3 या दर्जाचं ऑइल नवं असताना 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर 140 लाच उकळू शकतं. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, उघडा डबा पुढच्या पावसाळ्यासाठी जपायचा नाही, आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचा.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारायचं, हे विसरणारा थेट कुंपणात जातो. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किमीच्या वेगावरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारायचा, मध्ये थंड होऊ देत. तापलेला ब्रेक दाबून उभं राहायचं नाही.

चाकरमान्यांच्या, गणपतीनंतर गावीच राहणाऱ्या गाड्यांसाठी तुमचा निरोप पोचवतो: हँडब्रेक ओढून महिनोन् महिने ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिरा लावा.

तुमचा निप्पलवर नेमका बसणारा 8 नंबरचा रिंग पाना अजून आमच्यातच फिरतो आहे. मिरगाआधी आणून देतो.

तुमचे,
जुन्या गाड्यांवाले