आकडेमोड करणाऱ्यांचाही सन्मान हवा

महोदय,

जीपीएस म्हटले की उपग्रहांचे कौतुक होते, त्यामागच्या आकडेमोडीचे क्वचितच. ही आकडेमोड करणाऱ्या गणितज्ञ ग्लॅडिस वेस्ट १९५६ ते १९९८ अमेरिकेतील डालग्रेनच्या नौदल केंद्रात होत्या. हवाई दलाने त्यांना अंतराळ प्रवर्तकांच्या मानपटावर घेतले ते २०१८ मध्ये, निवृत्तीनंतर २० वर्षांनी! हा उशीर खटकतो.

उपग्रहावरील रडारने समुद्रपृष्ठापर्यंत मोजलेले अंतर घ्यायचे, त्यातून कक्षेची चूक, भरती-ओहोटी, वातावरणामुळे होणारा विलंब वजा करायचा आणि पृथ्वीचा सरासरी समुद्रपातळीला धरून असलेला खरा, उंचसखल आकार म्हणजे जिऑइड मांडायचा, असे हे किचकट काम.

त्याचे महत्त्व इथेही कळते. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीचा गुळगुळीत आकार मानलेल्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि मुंबईत जिऑइड त्याच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे चौपाटीवरही कच्चा आकडा उणे साठच्या पलीकडे दिसतो. ड्रोन सर्वेक्षणातला असा आकडा दुरुस्त न करता जुन्या बेंचमार्कशी (समुद्रपातळीपासूनची उंची नोंदवलेल्या खुणेशी) जोडला, की पूररेषा पार चुकते. प्रत्येक सर्वेक्षण अहवालावर उंचीचे संदर्भपृष्ठ आणि वापरलेले जिऑइड मॉडेल नोंदवणे सक्तीचे करावे. आणि आपल्याकडील जीवनगौरव देताना अशा गणितज्ञांची नावे त्या व्यक्ती कामावर असतानाच विचारात घ्यावीत.

– भूमापन क्षेत्रातील काही अभियंते, पुणे