फवारणीचे विष आणि चेतापेशींमधील फट

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की ‘विषबाधा’ हा शब्द वृत्तपत्रांत दिसू लागतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हाही बहुतेक बातम्या या शब्दापाशीच थांबल्या. हे विष शरीरात नेमके काय बिघडवते हे सांगितले जात नसल्याने, पोटात काही गेले नाही म्हणजे धोका नाही, हा समज गावोगाव टिकून आहे. कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणण्याची आपली सवयही त्याला हातभार लावत असावी.

हा बिघाड चेतापेशींत, म्हणजे मज्जासंस्थेच्या पेशींत होतो. चेतापेशीच्या लांबीतून संदेश विद्युत लहरीच्या रूपाने धावतो, परंतु बहुतेक ठिकाणी पेशी संपते तेथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी अरुंद अशी फट असते आणि ती संदेशाला रसायनावाटे ओलांडावी लागते. 1921 मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची गती चेतातंतू उत्तेजित करून मंदावली आणि त्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा तेही मंदावले. म्हणजे संदेश द्रावणातील रसायनाने नेला होता; ते रसायन ॲसिटिलकोलीन. आपल्या स्नायूंना आकुंचनाचा आदेश तेच पोचवते आणि आदेश पोचताच कोलीनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते.

ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमके हे विकर निकामी करतात, त्यामुळे आदेश थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. पाठीवरच्या पंपातून झिरपून भिजलेला सदराही यास पुरेसा ठरू शकतो, कारण हे द्रव्य कातडीतूनही शोषले जाते. ॲट्रोपीन या औषधाने लाळ-घामासारखे स्राव आवरतात, मात्र लुळ्या पडलेल्या स्नायूंवर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून अशा रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो.

पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके मात्र चेतापेशीतील विद्युत लहरच बिघडवतात, त्यामुळे तेथे उपचार निराळा असतो. म्हणून विनंती अशी, की अशा बातम्यांत कीटकनाशकाचा गट आवर्जून छापावा आणि अंगावरचे कपडे तत्काळ उतरवून साबणाने अंग धुणे व रुग्णासोबत डब्यावरचे लेबल दवाखान्यात नेणे, या दोन सूचना फवारणीच्या हंगामात रोज पहिल्या पानावर द्याव्यात.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, अमरावती