पिस्टन आत ढकलताना घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण हे एका गॅरेजपुरतं नाहीच, सगळीकडे हेच चाललंय. मुलगा विशीतला, हात भराभर चालत होता, अर्ध्या तासात दोन्ही चाकं बसवली आणि म्हणाला काका, झालं, न्या. आई मागे बसलेली. गॅरेजसमोरच रस्ता उताराचा आहे, गाडी दहा-बारा मीटर पुढे गेली, ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली जाऊन टेकलं, काहीच अडवणूक नाही. परत दाबलं, तेच. हँडब्रेक ओढला तोवर बंपर समोरच्या चिऱ्यांच्या गडग्याला लागलेला. आईला काही झालं नाही ही देवाची कृपा, त्या वेळी रस्त्यात कोणी पोर असतं तर काय, हा विचार अजून रात्री झोपू देत नाही.

ब्रेक फेल झालाच नव्हता, हे मला नंतर कळलं. जुने पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातला, पिस्टन हळूहळू बाहेर येत जातो. नवे पॅड जाड असतात, ते बसायला पिस्टन पुन्हा पूर्ण आत ढकलावा लागतो. म्हणजे काम झाल्यावर पिस्टन आणि पॅडमध्ये मोकळी जागा राहते आणि ती भरून निघेपर्यंत पेडल पोकळच जातं. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी पेडल दहा-बारा वेळा सावकाश दाबायचं, घट्ट लागेपर्यंत. एवढंच. पाव मिनिटाचं काम, तेवढं राहिलं आणि आम्ही गडग्यावर गेलो.

दुसरा दोष कळायला ऑगस्ट उजाडला. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरून आलो आणि पुढच्या डाव्या चाकाकडून जळका वास, रिमजवळ हात नेववत नव्हता इतकी धग. साखळी गावातल्या एका जुन्या मेस्त्रींनी कॅलिपर उघडून दाखवला. पिस्टनच्या तोंडाशी धूळ-पाणी अडवणारं पातळ रबर असतं, ते एका जागी चिरलेलं. मे महिन्यात त्या पोराने स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन कसा उचकटत मागे सारला ते मी उभा राहून बघितलं होतं, पण तेव्हा मला काय कळत होतं. त्या चिरेतून जून-जुलैचं पाणी आत गेलं, पिस्टनवर गंज चढला आणि तो अडकला, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहिला, सगळा घाटभर. खरं तर पिस्टनभोवतीचं आतलं रबरी सील दाबातून सुटल्यावर पिस्टनला किंचित मागे खेचतं, पण गंज धरलेला पिस्टन त्याला दाद देत नाही.

धगीचा धोका वेगळाच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि आपल्या गोव्याच्या हवेत पाण्याला काय तोटा. कोरं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १४० लाच. ते कॅलिपरमध्ये उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पुन्हा पोकळ, तेही घाटात. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात ते याचसाठी.

मेस्त्रींनी मग काम कसं केलं ते लिहितो, कारण वाचणाऱ्याने निदान गॅरेजमध्ये उभं राहून हे बघावं. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. पॅड झिजले की डबीतली पातळी खाली जाते, कोणीतरी मधे टॉपअप करून ठेवतं, आणि पिस्टन आत गेला की तेच ऑइल वर येऊन डबीतून सांडतं, सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवायचं. त्यांनी पिचकारीने थोडं ऑइल आधीच काढून घेतलं. मग पिस्टनचा बाहेर आलेला भाग कापडाने पुसला, घाण घेऊन आत ढकलला तर सीलच जातं. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रू फिरवून दाबायच्या शिकंजाने, हळू हळू दाबला, सरळ, तिरका न होऊ देता. दाबताना ब्लीडरचा निपल, म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल बाहेर काढायचं तोंड, नळी लावून सैल केला, काळं ऑइल बाटलीत आलं, आणि क्लॅम्प थांबवण्याआधी निपल घट्ट केला, नाहीतर हवा शिरते. काही मेस्त्री निपल उघडत नाहीत, डबीतच जाऊ देतात, पण एबीएसची, म्हणजे चाक अडकू न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची, गाडी असेल तर ते काळं ऑइल परत वर कशाला पाठवायचं, मला मेस्त्रींचंच पटतं. कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवला नाही, तारेने बांधला. सरकणाऱ्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. आणि शेवटी पेडल दाबून दाबून घट्ट करून डबीतली पातळी परत बघितली, मगच चावी दिली.

मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत हँडब्रेक कॅलिपरमध्येच असतो, तिथे पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, जोर केला तर आतला स्क्रू मोडतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडला, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या स्थितीत, लावावा लागतो. दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर एक दाबला की दुसरा बाहेर येतो, दोन्ही एकदम धरायला हवेत. डिस्कवाल्या मोटरसायकलींनाही हेच लागू.

हे लिहायची खरी घाई याचसाठी की आता पाऊस ओसरतोय, चवथ झाली, ऑक्टोबरपासून पर्यटक येतील. काळ्या पाटीवर पिवळे नंबर असलेल्या भाड्याच्या स्कूटर आणि गाड्या चार महिने पावसात उभ्या होत्या, त्यातल्या कित्येकांचे पिस्टन जागीच धरलेले असणार. त्यांच्या मालकांनी आणि मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलट बांधवांनी सीझनआधी चाक उचलून हाताने फिरवून बघावं, जड फिरत असेल तर कॅलिपर उघडावा. गॅरेजवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, शिकाऊ पोरांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर नको, सी-क्लॅम्प द्या, आणि गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी पेडल तुम्ही स्वतः दाबून बघा.

आपला,
एक वाचक, डिचोली